पॅनेलचा कॅमेरा आणि बाबांचा तळवा

शॉर्टसर्किट | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

चाकणच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. विजेच्या पॅनेलमधला एखादा जॉइंट सैल झाला तर डोळ्यांना कळत नाही, पण तो तापतो, आणि थर्मल कॅमेऱ्यातून बघितलं की आजूबाजूच्या निळ्या-जांभळ्यात पांढराफटक उठून दिसतो. परवा काम लांबलं, कॅमेरा जमा करायची खोली बंद झाली, म्हणून साहेबांना विचारून घरी घेऊन आलो. पोराची मज्जा झाली. चहाचा कप बघून झाला, भिंतीतली गीझरची नळी बघून झाली, खिडकीतलं मांजर बघून झालं. बाबा दिवाणावर पाय लांब करून टीव्ही बघत होते. त्यांच्या तळव्यांवरून कॅमेरा फिरला आणि माझा हात थांबला.

आमच्याकडे तीन फेजचे तीन जॉइंट शेजारी शेजारी असतात. लोड सारखा असेल तर तिन्ही सारखेच गरम हवेत. एकच जास्त तापला असेल तर शटडाउन मागायचा, मग प्रॉडक्शनवाले कितीही ओरडोत. बाबांच्या उजव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा असाच ठिपका होता. तिथे ३३.४ अंश, डाव्या पायाला त्याच जागी ३०.१.

बाबा ७१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, शुगर १९ वर्षांपासून. दुखतंय का विचारलं, नाही म्हणाले. अंगठ्याने दाबून बघितलं, तरी नाही. तिथे घट्टा आहे, पण तो मी लहानपणापासून बघतोय. सोमवारी डॉक्टरांकडे नेलं. ते फोटो बघून आधी हसले, मग पाय हातात घेतला आणि हसू गेलं. सर्जनकडे पाठवलं. सर्जननी पात्याने घट्टा थर थर तासला. खाली काळपट रक्त साकळलेलं. कातडी अजून फाटली नव्हती. "थोडे दिवस अजून गेले असते तर इथे भोक पडलं असतं," म्हणाले.

त्या दिवसापासून डोक्यात एकच चाललंय. हे रोज बघता येईल का? कॅमेरा विकत घ्यावा का? इथे कुणी वैद्यकीय क्षेत्रातलं आहे का?

मोगरा | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

बापरे. वाचतेय. माझ्या साबुंचा (सासरेबुवांचा) पायाचा अंगठा गेल्या वर्षी काढावा लागला. सविस्तर उद्या लिहिते.

खवचट_काका | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१२

बाबा वाचले, आनंद आहे. पण एका फोटोवरून सिद्धांत मांडू नका. देशात दहा कोटींच्या वर मधुमेही आहेत, २०२३ साली छापून आलेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या आकड्याप्रमाणे १०.१ कोटी. आता सगळ्यांनी पॅनेलचा कॅमेरा घ्यायचा का? (कॅमेऱ्याची जाहिरात नसावी अशी आशा.)

शॉर्टसर्किट | १० फेब्रुवारी, सकाळी ७:५०

काका, कॅमेरा कंपनीचा आहे आणि त्याची किंमत बघून जाहिरात करायची माझी हिंमत नाही :)

डॉ_झब्बू | १० फेब्रुवारी, दुपारी २:३०

ओपीडी संपवून लिहितोय, त्यामुळे लांबण लागेल.

धागाकर्त्याने एक गोष्ट नकळत बरोब्बर केली: एका पायाची तुलना दुसऱ्या पायाशी. नुसत्या ३३.४ ला काही अर्थ नाही. उन्हाळ्यात तेवढं सगळ्यांचंच असेल.

शुगर जुनी झाली की पाय बधिर होतो, हे सगळे ऐकून असतात. पण पायातल्या लहान स्नायूंच्या नसाही त्याच वेळी जातात. मग बोटं आकसतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडाचं टोक कातडीला जवळजवळ थेट भिडतं. घाम यायचा थांबतो, म्हणून कातडी कोरडी आणि भेगाळ. अशा जागी दिवसभर पावलांचा मार बसतो. शरीर बिचारं घट्टा बांधून बचाव करायला जातं, आणि तो घट्टाच चपलेतल्या खड्यासारखा आत टोचत राहतो. घट्टा तासल्यावर त्या जागेवरचा दाब सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो, असं १९९२ मध्ये मोजलं गेलंय. तुमच्या सर्जननी पात्याने केलं ते म्हणूनच महत्त्वाचं. घरी ब्लेडने किंवा कुरूपाच्या पट्टीने करायचं नाही, त्या पट्टीत आम्ल असतं आणि बधिर कातडीला ते जाळतं.

चिरडलेल्या जागी सूज येते, रक्त जास्त धावतं, जागा तापते. कातडी फाटते ती सगळ्यात शेवटी. मधले हे दिवस आपल्या हातात असतात. तुम्हा-आम्हाला त्या दिवसांत दुखतं आणि आपण आपसूक लंगडतो. तुमच्या वडिलांना दुखलं नाही, म्हणून ते लंगडले नाहीत.

लॅव्हरी आणि आर्मस्ट्राँग या अमेरिकन जोडीचं यावर बरंच काम आहे. २००७ च्या त्यांच्या एका अभ्यासात आधी जखम होऊन बरी झालेले १७३ लोक होते. एका गटाने रोज थर्मामीटरने दोन्ही पायांच्या सहा-सहा जागा मोजल्या. फरक ४ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या २.२ सेल्सिअसच्या वर गेला की चालणं कमी करायचं आणि नर्सला फोन करायचा. १५ महिन्यांत त्या गटातल्या ८.५ टक्के लोकांना पुन्हा जखम झाली. बाकीच्या दोन गटांत हाच आकडा २९-३० टक्के होता.

थर्मामीटर होता हं, कॅमेरा नव्हे.

आणि काका, १० कोटींना नको. ज्यांच्या पायाची संवेदना गेलीय, त्यातही ज्यांना आधी एकदा जखम झालीय, त्यांना. भरलेली जखम वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांना पुन्हा होते. लक्ष तिथे द्यायचं.

खवचट_काका | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

डॉक्टरांचं बाड वाचून मीही थोडं खणलं. अमेरिकेतच एक चटई निघाली. रोज २० सेकंद उभं राहायचं, ती तळव्यांचं उष्णतेचं चित्र काढून पाठवते. २०१७ चा अभ्यास, १२९ लोक, ३४ आठवडे. बाहेरचा मार न लागता झालेल्या ९७ टक्के जखमा चटईने आधीच पकडल्या, सरासरी ३७ दिवस आधी. ऐकायला झकास. पण खोटे इशारे किती, तर ५७ टक्के. उंबरठा २.२ वरून ३.२ अंशांवर नेला तर खोटे इशारे ३२ टक्क्यांवर येतात, पण मग पकडलेल्या जखमाही ७० टक्क्यांवर उतरतात. लांडगा आला रे आला असं रोज ओरडलं तर तिसऱ्या आठवड्यात कोण ऐकणार?

शॉर्टसर्किट | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

काका, आमच्याकडेही खोटे इशारे असतात. चकचकीत तांब्याच्या पट्टीत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि नवा पोरगा हॉटस्पॉट म्हणून लिहून आणतो. म्हणून आम्ही पुन्हा बघतो. इशारा खोटा निघाला तर दहा मिनिटं जातात. खरा सुटला तर पॅनेल जळतं.

डॉ_झब्बू | १० फेब्रुवारी, रात्री १०:०२

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही एका दिवसाच्या आकड्यावर धावायला सांगितलेलं नाही. लागोपाठ दोन दिवस फरक दिसला तर हालचाल कमी करा आणि दाखवा, असं आहे.

डच_मिसळ | ११ फेब्रुवारी, मध्यरात्र उलटून गेल्यावर

नेदरलँड्समधून. इथे पायांसाठी वेगळे पोडोथेरपिस्ट असतात, माझी नणंद त्यातच आहे. इथे ३०४ लोकांवर दीड वर्षाचा मोठा अभ्यास झाला, डायटेम्प नावाचा, २०२१ साली छापून आला. घरी रोज तापमान मोजायचं, बाकी उपचार नेहमीचे. एकूण निकालात ठळक फरक निघाला नाही! अमेरिकन आकडे वाचून सगळे आशा लावून बसले होते. मग खोलात गेल्यावर दिसलं की गरम जागा सापडल्यावर ज्यांनी खरंच चालणं कमी केलं, त्यांना जखमा कमी झाल्या. नणंद म्हणते, तापमान सगळे आनंदाने मोजतात. बसा म्हटलं की कुत्र्याला कोण फिरवणार, बागेचं काय, सायकल चालवली तर चालेल का.

मोगरा | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

काल लिहिते म्हटलं होतं.

साबुंची गोष्ट उलटी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. त्यांचा पाय कधीच गरम नव्हता. डावा पाय थंडगार. आम्ही म्हणायचो, थंडी आहे, मोजे घाला. चालताना पोटरीत गोळे यायचे, थांबलं की बरं वाटायचं, तेही वयावर ढकललं. अंगठ्याच्या टोकाला नखाशेजारी काळसर डाग आला तेव्हा धावपळ झाली. पायातल्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. आधी एका दवाखान्यात दंड आणि घोट्याचं ब्लडप्रेशर तुलना करून मोजलं होतं आणि नॉर्मल आहे म्हणून सांगितलं होतं. नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं की मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साठतो, त्या पट्ट्याने दबतच नाहीत, म्हणून आकडा खोटा चांगला येतो. अंगठ्याचा दाब वेगळा मोजायला हवा होता. डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केल्यावर सगळं कळलं. अँजिओप्लास्टी झाली, पाय वाचला, अंगठा गेला.

तुमच्या कॅमेऱ्यात त्यांचा पाय छान निळा दिसला असता आणि आम्ही खूश झालो असतो.

डॉ_झब्बू | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

मोगरा, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. फरक कुठल्याही बाजूने पडला तरी फरकच. उजवा गरम आहे की डावा गार, हे कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी नाडी बघावी लागते, पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची. फुकट आहे, कॅमेरा लागत नाही, आणि तरीही रुग्णाचे मोजे उतरवायला आम्हा लोकांना वेळ नसतो. स्वतःच्या जमातीबद्दल बोलतोय.

पूर्वाश्रमीची_फिजिओ | ११ फेब्रुवारी, रात्री ८:४५

पन्नासेक वर्षं जुनी गोष्ट सांगते, कारण हा शोध मधुमेहाच्या दवाखान्यात लागलेलाच नाही. कुष्ठरोगात लागला.

पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी आईबापांच्या पोटी. १९४६ मध्ये वेल्लोरला आले. तेव्हा समज असा की कुष्ठरोगात मांसच सडतं आणि बोटं गळतात. ब्रँडनी वर्षानुवर्षं बघून दाखवलं की मांस ठीक असतं, फक्त दुखणं गेलेलं असतं. माणूस गरम भांडं धरतो, तुटक्या खिळ्यावर दिवसभर चालतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडतात आणि जाग येत नाही. घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर ते मांजर द्यायचे. हसू नका, आपल्याकडे मधुमेहींचे पाय उंदराने कुरतडल्याच्या केस मी स्वतः ड्रेसिंग केल्या आहेत.

पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे सत्तरच्या दशकात बधिर पायांवर थर्मोग्राफी वापरली. रुग्ण चालून आला की पायाचं उष्णतेचं चित्र घ्यायचं, गरम जागा दिसली की बूट बदलायचा. ज्याचं दुखणं हरवलंय त्याला दुसरं काहीतरी दुखणं द्यायचं, अशी ती कल्पना.

मी विदर्भात कुष्ठरोगाच्या कामात बावीस वर्षं काढली. आमच्याकडे कॅमेरा कुठला! हाताची पालथी बाजू. एक पाय, मग दुसरा, त्याच जागी, सावकाश. सरावाने दोनेक अंशांचा फरक हाताला कळायला लागतो, असं मी तरी म्हणेन. डॉक्टरांनी खोडून काढलं तरी चालेल.

डॉ_झब्बू | ११ फेब्रुवारी, रात्री ९:००

खोडत नाही. माझ्या प्राध्यापकांनी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

सांगलीची_हळद | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

आईचा अख्खा पाय सुजून लाल आणि गरम झाला होता. पण दुखत जवळपास नव्हतं. एक्स-रे काढला, हाड चांगलं आहे म्हणाले. मुरगळला असेल, क्रेप बँडेज बांधा. मग कुणी यूरिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या, कुणी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक. आई चालत होतीच, दुखत नव्हतं ना. तीन महिन्यांनी तळव्याची कमान खाली बसून पाय होडीच्या बुडासारखा झाला. आता त्या फुगवट्यावर सारखी जखम होते. कुणाला असा अनुभव?

डॉ_झब्बू | १२ फेब्रुवारी, दुपारी २:५०

वाईट वाटलं वाचून. वर्णनावरून शार्कोचा पाय वाटतो, तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येणार नाही. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतल्या आत ढासळतात. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजातली सूज मात्र दिसते. त्या वेळी एकच उपाय, पाय प्लास्टरमध्ये घालून भार काढायचा, बरेच महिने. प्लास्टर कधी काढायचं तेही दोन पायांच्या तापमानावरून ठरवतात, फरक उतरला आणि उतरलेलाच राहिला की.

इथे वाचणाऱ्यांसाठी: जुनी शुगर, एकच पाय गरम आणि सुजलेला, जखम नाही, दुखणं बेताचं, एक्स-रे नॉर्मल. अशा वेळी "मुरगळला" यावर समाधान मानू नका. आईंना आता तळव्याच्या साच्यावर बेतलेला बूट लागेल, फुगवटा फारच असेल तर तो तासायचं ऑपरेशनही असतं. डायबेटिक फूट बघणारा सर्जन गाठा.

आरोग्यं_धनसंपदा | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

एवढा खर्च कशाला? रोज रात्री गरम पाण्यात मीठ आणि कडुलिंब घालून पाय शेकावेत. आमच्या आजोबांनी आयुष्यभर केलं.

पूर्वाश्रमीची_फिजिओ | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

कृपा करून हे कुणी करू नका!! बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. भाजून आलेले पाय मोजले तर निम्मे गरम पाण्याचे आणि शेकायच्या पिशवीचे निघतील. उरलेल्यांत मोटारसायकलचा सायलेन्सर आणि उन्हात तापलेली देवळाची फरशी. आजोबांच्या नसा शाबूत असतील.

खवचट_काका | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:००

या एका मुद्द्यावर मी डॉक्टर आणि फिजिओबाईंच्या बाजूने. नोंद व्हावी.

शॉर्टसर्किट | १५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. चार दिवस घरी प्रयोग केले, ते लिहितो.

कोरोनाच्या वेळी घेतलेली कपाळाची बंदूक काढली. तळव्यावर धरली तर "लो" दाखवते. नंतर लक्षात आलं, ती कपाळाच्या आकड्यात भर घालून शरीराचं तापमान सांगते आणि ३२ च्या खाली तिला काही कळतच नाही. आमच्या बंदुकीला मागे एक बटण आहे, शरीर आणि वस्तू असं. वस्तूवर टाकली की तळव्याचे खरे आकडे येतात. ज्यांच्या बंदुकीला ती सोय नाही त्यांनी उगाच झगडू नका.

फोनला लावायचे छोटे थर्मल कॅमेरेही बघितले. कागदावर लिहिलेली अचूकता अधिक-उणे ३ अंश! बघून दचकायला होतं. पण एकाच फोटोत दोन्ही पाय घेतले तर जी चूक उजव्याला तीच डाव्याला, फरक बऱ्यापैकी खरा येतो. दोन पायांचे दोन वेगळे फोटो काढून मात्र तुलना करू नका. आमचा कॅमेरा वापरताना उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा आकडा) ०.९८ ठेवली, कातडीची तेवढी असते.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो बाबांच्या बसण्याने. मांडी घालून बसले की खालचा पाय गरम. एका सकाळी डावा पाय अडीच अंशांनी वर, मी घाबरलो, तर खिडकीतून त्याच पायावर ऊन येत होतं. आता सकाळी उठल्यावर मोजे नाहीत, पांघरूण बाजूला, पाय लांब करून दहा-पंधरा मिनिटं, पंखा बंद, मग मोजणी. सहा जागा: अंगठा, चवड्यावर आतली, मधली आणि करंगळीकडची, तळव्याचा मध्य, टाच.

कॅमेरा घेत नाही. कंपनीचा परत केला.

मोगरा | १५ फेब्रुवारी, रात्री १०:१०

डॉक्टर, माझ्या आईचीही शुगर आहे. संवेदना गेलीय का हे घरी कसं बघायचं?

डॉ_झब्बू | १६ फेब्रुवारी, दुपारी १:३०

दवाखान्यात १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून बघतात, वर्षातून एकदा तरी ते करूनच घ्या. घरी इप्सविचची स्पर्शचाचणी करा, इंग्लंडमधल्या त्या गावात बसवलेली. आईंना डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने त्यांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अलगद स्पर्श करा, सेकंद-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या नाहीत. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरा आणि दाखवा.

पूर्वाश्रमीची_फिजिओ | १६ फेब्रुवारी, रात्री ८:००

चपलेचं कुणी बोललं नाही. तापलेली जागा सापडली तर पुढे काय? एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या) रबराची चप्पल, आतला थर मऊ, खिळे नाहीत, मागे पट्टा. हीसुद्धा कुष्ठरोगातूनच आली. घ्यायला सांगितली की मधुमेही तोंड वाकडं करतात, "ती महारोग्यांची चप्पल ना?" असं मला तोंडावर विचारलंय. आता बऱ्या रंगांत आणि बऱ्या दिसणाऱ्या मिळतात.

शॉर्टसर्किट | २१ जून, रात्री १०:५५

धागा वर काढतोय. चार महिन्यांचा हिशोब.

एमसीआरची चप्पल केली. घट्टा दीड-दोन महिन्यांनी सर्जन तासून देतात. मोजणी बाबा स्वतः करतात, मोजायची आरशात बघून आणि लिहायची एसटीच्या जुन्या डायरीत. पहिल्या आठवड्यात त्यांचं डावं-उजवं सारखं उलटं व्हायचं, कारण आरसा. मग त्यांनीच तोडगा काढला. डायरीत आता दोन रकाने आहेत, "ड्रायव्हर साइड" आणि "क्लीनर साइड". तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत.

एप्रिलमध्ये ड्रायव्हर साइड दोन दिवस २.६ ने वर होती, त्याच जुन्या जागी. सर्जनना फोन केला, त्यांनी आठवडाभर चालणं बंद केलं. पाचव्या दिवशी फरक १.१ वर आला. जखम होणार होती का? काका विचारतीलच. मला माहीत नाही. आमच्याकडेही वेळेवर आवळलेला जॉइंट जळला असता का, हे कधीच कळत नाही.

खरं भांडण वारीवरून झालं. बाबा निवृत्त झाल्यापासून दरवर्षी आळंदीहून पायी जातात, बऱ्याचदा अनवाणी. या वर्षी घरात पंधरा दिवस अबोला होता. डच_मिसळ यांच्या नणंदेची आठवण आली, तिथे कुत्रा, इथे विठोबा. शेवटी दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये पुढे बसून जायचं ठरलंय. गाडी चालवायची नाही, अशी अट आईने घातली आहे. क्लीनर साइडलाच बसायचं.

बंदूक बरोबर देतोय. तंबूत रात्री गारठा असतो, दुपारी उकाडा. मोजणी सकाळीच ठेवावी ना?

डॉ_झब्बू | २१ जून, रात्री ११:२०

सकाळीच, निघण्याआधी. आणि रात्री झोपताना नुसते डोळ्यांनी बघायला सांगा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात. ओले मोजे लगेच बदलायचे. चप्पल घालण्याआधी झटकायची.

खवचट_काका | २२ जून, सकाळी ६:४५

विचारत नाही. सेलचा एक जोड जास्तीचा द्या बरोबर, वाटेत मिळेलच असं नाही.